घरांतलें गाणें आणि त्याचें यंत्र

धाराशिव जिल्ह्याला गाण्याची वाण कधींच नव्हती. तुळजापुरास गोंधळ्यांचा संबळ आणि तुणतुणें, नवरात्रांत परडी घेऊन फिरणाऱ्या आराध्यांचीं पदें, तेरेस गोरोबाकाकांच्या नांवानें चालणारें भजन, चैत्रांत येरमाळ्याच्या यात्रेंतील देवीचीं गाणीं आणि घरोघरच्या जात्यावरील ओव्या, एवढें ऐश्वर्य या मुलुखांत पिढ्यान्पिढ्या नांदलें. पण हें सारें गाणें माणसाच्या गळ्यांतून निघे आणि ऐकणाराच्या कानांत विरून जाई. यंत्रांतून वाजणारें गाणें मात्र या जिल्ह्याला नेहमीं बाहेरून आणावें लागलें. कधीं मुंबई-पुण्याहून, कधीं हैदराबादेहून, आणि आतां समुद्रापलीकडील संगणकांच्या कोठारांतून. म्हणून घरांत कोणतें यंत्र घ्यावें हा प्रश्न येथें केवळ हौसेचा नव्हता. यंत्र निवडणें म्हणजे गाणें घराच्या मालकीचें ठेवावें, कीं दुसऱ्यानें दिलें तेवढेंच ऐकावें, याचा निवाडा करणें होय. मोबाइल फोनमधील किंवा संगणकांतील डिजिटल संगीत घरच्या जुन्या स्टीरिओवर कसें वाजवावें, असा प्रश्न आज पुष्कळ घरांत निघतो. त्याचें उत्तर शोधतांना गेल्या सव्वाशें वर्षांची हकीकत उपयोगी पडते.

ध्वनि साठवून पुन्हां ऐकविणारें यंत्र एडिसननें १८७७ सालीं अमेरिकेंत केलें. त्याचा फोनोग्राफ नळकांड्यावर बोले. दहा वर्षांनीं, १८८७ सालीं, एमिल बर्लिनर यानें आपल्या ग्रामोफोनाची सनद घेतली, आणि पुढें नळकांड्याची जागा सपाट तबकडीनें घेतली. तबकडीचा मोठा गुण हा, कीं एका सांच्यावरून तिच्या हजारों प्रती छापतां येत. १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यांत ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजान हिचें गाणें तबकडीवर घेतलें. गाणें संपतांच ती मोठ्यानें इंग्रजींत आपलें नांव सांगे. तबकड्या छापून तयार होत त्या जर्मनींत, हॅनोव्हर येथें. तेथील कामगारांना गाणारीण कोण हें कळावें म्हणून ही योजना होती, असें सांगतात. पुढें १९०८ सालीं कलकत्त्यासच तबकड्यांचा कारखाना निघाला. गंमत अशी, कीं त्या तबकडीचा मुख्य घटक जी लाख, ती बव्हंशीं भारतांतूनच जात असे. लाखही येथली आणि गळाहि येथला. मधली कारागिरी तेवढी परक्याची.

एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटें, एवढीच या तबकडीची सामाई होती. रंगभूमीवर बालगंधर्वांचें एकेक पद 'वन्स मोअर' घेत कितीतरी वेळ रंगे. तबकडीवर तेंच पद आटोपशीर होऊन बसलें. अब्दुल करीमखांसाहेबांनीं व पुढें हिराबाई बडोदेकरांनीं रागाचें रूप या तीन मिनिटांत उभें करण्याची किमया साधली. ज्यानें नाटक कधीं पाहिलें नव्हतें, ज्याला बैठकीस जावयास मिळालें नव्हतें, त्याच्या ओसरीवर हें गाणें येऊन पोंचलें. यंत्रानें गाण्याला लहान केलें खरें, पण गाण्याच्या श्रोतृवर्गाला मोठें केलें.

धाराशिव तेव्हां उस्मानाबाद या नांवानें निझामाच्या राज्यांत होतें. जिल्ह्यास धाराशिव हें नांव अधिकृतपणें परत मिळालें तें २०२३ सालीं. शेजारचें सोलापूर व बार्शी हीं इंग्रजी मुलुखांत मोडत. बार्शीची अरुंद रेल्वे १८९७ सालीं सुरू झाली आणि पुढें येडशी, तेर या मार्गानें लातुरास गेली. सरहद्दीच्या एका बाजूस कलदार रुपया तर दुसऱ्या बाजूस हाली शिक्का चाले, आणि माल ओलांडतांना करोडगिरी भरावी लागे. या वाटेनें येणारी तबकडी अर्थातच महाग पडे. पण एकदां घरांत आली कीं ती घराची होई. ग्रामोफोनाला वीज लागत नसे. किल्ली दिली, सुई बदलली, कीं काम भागलें. तबकडी काढणारी कंपनी बुडाली, दुकान उठलें, किंवा राज्य बदललें, तरी ती तबकडी वाजत राही. हा गुण त्या वेळीं कोणाच्या लक्षांतहि आला नसेल, कारण त्याचा अभाव अजून कोणी अनुभवला नव्हता.

तो अनुभव नभोवाणीनें दिला. २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र सुरू झालें. तीन वर्षांत ती कंपनी बुडाली, सरकारनें कारभार हातीं घेतला आणि ८ जून १९३६ पासून त्या व्यवस्थेला ऑल इंडिया रेडिओ असें नांव पडलें. हैदराबाद संस्थानांत ३ फेब्रुवारी १९३५ रोजीं डेक्कन रेडिओ ध्वनिक्षेपण करूं लागला. त्याच्या प्रक्षेपकाची शक्ति आरंभीं अवघी २०० वॅट होती. पुढें औरंगाबादेसहि केंद्र निघालें. नभोवाणीमध्यें तबकडीचें बंधन नव्हतें. गाणें तीन मिनिटांत संपवावें लागत नसे, नवें गाणें विकत आणावें लागत नसे, आणि बातमी तर तबकडी कधींच देऊं शकली नसती. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निझामानें शरणागतीची घोषणा केली तीहि नभोवाणीवरूनच. १ एप्रिल १९५० रोजीं डेक्कन रेडिओ भारत सरकारच्या आकाशवाणींत विलीन झाला.

परंतु नभोवाणीचा संच म्हणजे गाण्याची मालकी नव्हे. काय वाजावें आणि केव्हां वाजावें हें ठरविणारा दुसराच असे. याचा कडक धडा स्वातंत्र्यानंतर मिळाला. १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताला त्यांनीं आकाशवाणीवर मानाचें स्थान दिलें आणि चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केलें. त्यांचा हेतु थोर होता. पण ऐकणारांनीं काटा फिरविला आणि रेडिओ सिलोन लावलें. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारती सुरू करून आकाशवाणीला तीं गाणीं परत आणावीं लागलीं. या पांच वर्षांत चित्रपटगीतांच्या तबकड्या ज्यांच्या घरीं होत्या, त्यांना मंत्रालयाच्या रुचीशीं कांहींच कर्तव्य नव्हतें. संच ज्यांच्या घरीं होता, त्यांना मात्र केंद्र बदलण्यापलीकडे उपाय नव्हता.

या दोन यंत्रांचें भांडण एका साध्या युक्तीनें मिटलें होतें, आणि आजच्या प्रश्नाची किल्ली त्या युक्तींतच आहे. १९२५ च्या सुमारास तबकड्यांचें मुद्रण मायक्रोफोन व वीज यांच्या साहाय्यानें होऊं लागलें. त्याच तत्त्वावर सुईच्या कंपनांतून विजेचा क्षीण प्रवाह काढणारा 'पिक-अप' निघाला. हा प्रवाह मोठा करावयास वेगळें यंत्र कशाला? रेडिओच्या संचांत तें आयतेंच होतें. म्हणून १९३० नंतरच्या पुष्कळ रेडिओंच्या पाठीमागें पिक-अप जोडण्याकरितां छिद्रें ठेवलेलीं असत. अमेरिकेंतील आर. सी. ए. कंपनीनें अशा जोडणीसाठीं जी लहान खुंटी व खोबणी काढली, तिचीच लाल-पांढरी जोडी आजच्या ॲम्प्लिफायरच्या पाठीवर दिसते. त्या छिद्रांनीं एक मोठें तत्त्व घालून दिलें: गाणें पुरविणारें यंत्र वेगळें, आणि तें मोठें करून ऐकविणारें यंत्र वेगळें. पहिलें दर दहा वर्षांनीं बदलेल. दुसरें नीट सांभाळलें तर पन्नास वर्षें टिकेल. ज्या घरानें हें ओळखलें त्याला प्रत्येक नव्या शोधाबरोबर सारा संसार मोडावा लागला नाहीं.

पुढचे शोध झपाट्यानें आले. १९४८ सालीं मिनिटास तेहेतीस व एकतृतीयांश फेरे घेणारी दीर्घ तबकडी निघाली आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणें मावूं लागलें. १९५८ सालीं डाव्या व उजव्या कानांसाठीं निरनिराळा ध्वनि देणाऱ्या स्टीरिओ तबकड्या बाजारांत आल्या. भारतांत सोनोडाइनसारख्या कंपन्या १९७० नंतर स्टीरिओचे संच बनवूं लागल्या, आणि शहरांतील सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांत दोन ध्वनिक्षेपकांची जोडी दिसूं लागली. आज ज्याला लोक 'घरचा जुना स्टीरिओ' म्हणतात तो बहुधा याच वंशांतला.

त्याआधीं १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें कॅसेट काढली होती. भारतांत तिचा खरा प्रसार १९८० नंतर झाला. कॅसेट स्वस्त, हलकी, आणि बसमध्यें, टपरीवर, शेतावर कोठेंहि वाजणारी. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचीं भक्तिगीतें तिच्यामुळें गांवोगांव गेलीं, आणि तीर्थक्षेत्रांच्या बाजारांत हळदीकुंकवाच्या पुड्यांशेजारीं कॅसेटी दिसूं लागल्या. तथापि तिचें सर्वांत मोठें कार्य याहून निराळें आहे. ग्रामोफोनावर व रेडिओवर घराला केवळ ऐकतां येत होतें. कॅसेटवर घराला बोलतां आलें. एक लाल कळ दाबली कीं आजीची ओवी, घरच्या गोंधळांतील संबळ, मुलीच्या लग्नांतलीं विहिणींचीं गाणीं, वडिलांचें कीर्तन, सारें फितीवर उतरे. बाहेरून गाणें मागवणाऱ्या या जिल्ह्यानें आपलें गाणें प्रथम यंत्रांत भरलें तें या काळांत, आणि तेंहि कोणा कंपनीनें नव्हे, तर घरांतल्या माणसांनीं.

आतां डिजिटल ध्वनीकडे वळूं. तबकडीच्या खांचेंत ध्वनीची लाट जशीच्या तशी कोरलेली असते. डिजिटल पद्धतींत त्या लाटेची उंची ठराविक अंतरानें मोजून ते आंकडेच लिहून ठेवतात. १९८२ सालीं फिलिप्स व सोनी यांनीं आणलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्यें प्रत्येक बाजूच्या ध्वनीचें माप सेकंदास ४४,१०० वेळां घेतलेलें असतें. माणसाच्या कानाला सेकंदास सुमारें वीस हजार कंपनांपलीकडचा नाद ऐकूं येत नाहीं, आणि कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक मापें घेतलीं तर लाट पुन्हां पुरती उभी करतां येते. त्यावरून ही संख्या ठरली. दोन्ही बाजू मिळून सेकंदास चौदा लाखांहून अधिक अंक होतात, म्हणजे तीन मिनिटांच्या गाण्यास सुमारें बत्तीस मेगाबाइट जागा लागते.

ही जागा वांचविण्यासाठीं जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनीं इतर कांहींजणांबरोबर एम. पी. थ्री ही पद्धति सिद्ध केली. १९९५ पासून ती या नांवानें ओळखली जाते. मोठ्या नादाच्या शेजारचा बारीक नाद कानाला जाणवत नाहीं, म्हणून तो टाकून द्यावा, हें तिचें मर्म. तिनें तेंच गाणें तीन मेगाबाइटांत बसतें. पण जें टाकलें तें परत येत नाहीं. २००१ सालीं फ्लॅक नांवाची दुसरी पद्धति निघाली. ती अंकांची घडी घालते, पण एकहि अंक टाकीत नाहीं. गाण्याची जागा साधारण निमपट होते. फ्लॅक कोणाच्या मालकीची नाहीं, आणि एम. पी. थ्रीवरील हक्कांची मुदतहि २०१७ पर्यंत संपली. दस्तऐवज कोणत्या लिपींत लिहिला यावर तो नातवाला वाचतां येईल कीं नाहीं हें ठरतें; गाण्याच्या अंकांचेंहि तसेंच आहे.

पण अंक म्हणजे गाणें नव्हे. ते पुन्हां लाटेंत बदलून ॲम्प्लिफायरला द्यावे लागतात. हें काम करणाऱ्या भागाला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'डॅक' म्हणतात. प्रत्येक फोनमध्यें, संगणकांत व डिस्क वाजविणाऱ्या यंत्रांत तो कोठें ना कोठें असतोच. तेव्हां डिजिटल संगीत जुन्या स्टीरिओवर वाजविणें याचा अर्थ एवढाच, कीं अंक कोठून तरी आणावे, डॅकमधून लाट करावी, आणि ती लाल-पांढऱ्या खोबणींत सोडावी. पिक-अपच्या जागीं डॅक आला; बाकी मांडणी जुन्या रेडिओचीच.

हें काम करणारीं यंत्रें गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळ निघालीं, आणि त्यांची जन्ममृत्यूची नोंद मोठी बोधप्रद आहे. ॲपल कंपनीचा आयपॉड २००१ सालीं आला आणि २०२२ सालीं त्याचें शेवटचें रूप बंद झालें. तारेशिवाय संगणकांतील गाणें स्टीरिओस पोंचविणारें एअरपोर्ट एक्स्प्रेस हें त्याच कंपनीचें यंत्र २००४ सालीं निघालें व २०१८ सालीं थांबलें. २०१५ सालीं गूगलनें क्रोमकास्ट ऑडिओ नांवाची लहानशी चकती काढली. ती वायफायवरून गाणें घेई आणि एका तारेनें जुन्या स्टीरिओस देई. स्वस्त असल्यानें लोकप्रियहि झाली. २०१९ च्या आरंभीं तिचें उत्पादन बंद पडलें. पुढें मार्च २०२५ मध्यें, या यंत्राची ओळख पटविणाऱ्या एका डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली, आणि जगभरच्या घरांतील त्या चकत्या एकाएकीं मुक्या झाल्या. कांहीं दिवसांत कंपनीनें दुरुस्ती पाठविली. पण यंत्र घरांत, वीज चालू, तारा शाबूत, आणि तरीहि गाणें नाहीं, असा प्रकार किल्लीच्या ग्रामोफोनाच्या बाबतींत कोणी ऐकला नव्हता.

याच्या उलट उदाहरण स्क्वीझबॉक्सचें. स्लिम डिव्हायसेस या अमेरिकन कंपनीनें २००१ पासून अशीं यंत्रें काढलीं; २००६ सालीं लॉजिटेकनें ती कंपनी विकत घेतली, २०१२ सालीं मालिका गुंडाळली, आणि २०२४ सालीं त्या यंत्रांसाठीं चालविलेली इंटरनेटवरील सेवाहि बंद केली. तरीहि जगांतील पुष्कळ स्क्वीझबॉक्स आज वाजत आहेत. कारण त्यांना गाणें देणारी आज्ञावली घरच्याच संगणकांत चालते आणि ती प्रथमपासून सर्वांना खुली होती. कंपनीनें हात काढून घेतल्यावर स्वयंसेवकांनीं ती लिरियन या नव्या नांवानें पुढें चालविली. दोन्ही कंपन्या मोठ्या, दोन्ही यंत्रें बंद. एक दुसऱ्याच्या दारावर अवलंबून होतें, दुसरें घरांतल्या घरांत पुरें होतें.

मराठी घरांना परिचित असें तिसरें उदाहरण कारवांचें आहे. जुन्या ग्रामोफोन कंपनीचीच वारस जी सारेगामा, तिनें २०१७ सालीं पांच हजार गाणीं आधींच भरलेलें, जुन्या रेडिओच्या आकाराचें हें यंत्र काढलें, आणि मागाहून मराठी गाण्यांची आवृत्तिहि आणली. वृद्ध माणसांनीं तें आनंदानें स्वीकारलें, यांत नवल नाहीं. त्याला इंटरनेट लागत नाहीं, आणि कळ फिरविली कीं गाणें येतें. उणीव एवढीच, कीं आंतलीं गाणीं कंपनीनें निवडलेलीं आहेत. पण बाहेरून यू. एस. बी.ची कांडी जोडण्याची सोय तींत आहे, आणि त्या एका छिद्रामुळें तें घराच्या स्वतःच्या गाण्यांनाहि दार उघडें ठेवतें.

या इतिहासावरून निवडीच्या कसोट्या आपोआप निघतात. पहिली कसोटी इंटरनेटची तार काढून घ्यावी ही. तार काढल्यावरहि घरचीं गाणीं वाजलीं पाहिजेत. कांडी, स्मरणपत्र किंवा घरचा संगणक यांवरून जें यंत्र वाजूं शकत नाहीं, तें तबकडी नव्हे. ती नभोवाणी आहे. नभोवाणी म्हणून तिचा जरूर उपयोग करावा. दरमहा वर्गणी भरून कोट्यवधि गाणीं ऐकावयास मिळतात ही लहान गोष्ट नाहीं. पण विविध भारतीपूर्वींचीं पांच वर्षें लक्षांत ठेवून तिच्यावर सारें घर सोंपवूं नये. दुसरी कसोटी लिपीची. यंत्राला फ्लॅक, एम. पी. थ्री आणि साधी वेव्ह या तिन्ही पद्धति वाचतां आल्या पाहिजेत.

तिसरी कसोटी जोडणीची, आणि येथें जाणते लोकहि फसतात. स्टीरिओच्या पाठीवर 'फोनो', 'ऑक्स', 'सीडी', 'टेप' अशीं नांवें असतात. नवें यंत्र ऑक्स, सीडी किंवा टेपच्या आगत खोबणींत जोडावें. फोनोमध्यें कदापि जोडूं नये. फोनोची खोबणी सुईच्या अत्यंत क्षीण प्रवाहासाठीं आहे. ती आलेला ध्वनि शेकडोंपट वाढविते, शिवाय तबकडी कोरतांना मुद्दाम कमी केलेले खर्ज स्वर भरून काढते. डॅकचा सबळ प्रवाह तेथें सोडला तर गाणें फाटून व घोगरें ऐकूं येतें, आणि दोष मात्र नव्या यंत्राला लागतो. कांहीं जुन्या फिलिप्स संचांना लाल-पांढऱ्या खोबणीऐवजीं पांच टांचण्यांची वाटोळी खोबणी असते. तिला मध्यें जोडतुकडा लागतो, तो स्वस्त असतो.

चौथी कसोटी खर्चाची. ब्लूटूथचा लहान ग्राहक सर्वांत स्वस्त आणि सोयीचा. पाहुण्याच्या फोनवरील गाणेंहि तो क्षणांत ऐकवितो. पण ब्लूटूथवरून पाठवितांना बहुधा गाणें पुन्हां एकदां आंखडलें जातें, म्हणून त्याला सोबतीचा मान द्यावा, मुख्य यंत्राचा नव्हे. उलट, सेकंदास १,९२,००० मापांच्या मोठमोठ्या आंकड्यांनाहि भुलूं नये. मायक्रोफोनच्या पूर्वींच्या तबकड्यांत वरचे बारीक नाद मुळांतच उतरले नव्हते, आणि ७८ फेऱ्यांच्या काळांतलें मुद्रण एकाच मार्गाचें होतें. जें तबकडींत नाहीं तें महाग डॅकमधून येत नाहीं. पैसे उरले तर ते ध्वनिक्षेपकांच्या झिजलेल्या कडा बदलण्यांत घालावे; कानाला फरक तेथें कळेल.

पांचवी कसोटी मराठवाड्याला वेगळी सांगण्याची गरज नाहीं: वीज केव्हांहि जाते. २०१२ सालीं निघालेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाला डॅकची पट्टी जोडून उत्तम वादक तयार करतां येतो, आणि हौशी तरुणांनीं तो जरूर करावा. पण तो रीतसर बंद न करतां वीज गेली तर त्याच्या स्मरणपत्रावरील लिखाण बिघडूं शकतें. ज्या घरांत असा निगराणी करणारा कोणी नाहीं, तेथें कांडीवरून थेट वाजविणारें साधें यंत्र, किंवा बाजूस पडलेला जुना लॅपटॉप व त्याला जोडलेला लहान डॅक, हीच निवड शहाणपणाची. लॅपटॉपची बॅटरी निरोगी असेल तर वीज गेल्यानें त्याचें अडत नाहीं.

येथें एक शंका घेतली जाईल. सारें जुनें मराठी संगीत आज इंटरनेटवर मिळतें, तर मग घरच्या साठ्याचा हा आग्रह कशासाठीं? शंका बालगंधर्वांच्या पदांपुरती रास्त आहे. पण लाल कळ दाबून भरलेल्या त्या कॅसेटी कोणत्याहि कोठारांत नाहींत. आजीची ओवी विकणारी कंपनी निघालेली नाहीं आणि निघणार नाहीं. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील गांवोगांवच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतील पुष्कळांचें ध्वनिमुद्रण केलें, आणि २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया तें लोकांपुढें ठेवीत आहे. एवढें मोठें काम होऊनहि प्रत्येक घरची ओवी त्यांत येणें शक्य नव्हतें. ती घरानेंच राखावयाची आहे.

आणि वेळ फार उरलेला नाहीं. फितीवरील चुंबकीय लेप झडतो, दमट हवेंत तिला बुरशी धरते, आणि ती वाजविणारीं यंत्रें दुरुस्त करणारे कारागीर कमी होत चालले आहेत. कॅसेट चालू स्थितींत असेल त्या दिवशींच ती संगणकांत उतरावी, मूळ प्रत फ्लॅकमध्यें ठेवावी, आणि तिच्या दोन नकला दोन वेगळ्या ठिकाणीं असाव्या. उतरतांना वेगाकडे लक्ष हवें. यंत्र शेंकडा सहा वेगानें अधिक फिरलें तर स्वर एका पट्टीनें चढतो. काळी चारमध्यें गाणारी बाई पांढरी सहामध्यें गाऊं लागते, आणि तिचा आवाज तिच्या मुलांनाहि परका वाटतो. घरांतल्या जाणत्या माणसानें, त्या गळ्याची ज्याला ओळख आहे त्यानें, हयात असतांना एकदां ऐकून 'हाच आवाज' असें म्हणावें, यापेक्षां चांगलें मोजमाप नाहीं. फाइलीला गाणाराचें नांव, गांव आणि साल द्यावें. गौहरजानला जें आपल्या तोंडानें सांगावें लागलें, तें येथें लिहून ठेवतां येतें.

करोडगिरीचा नाका उठला, हाली शिक्का गेला, डेक्कन रेडिओ आकाशवाणींत मिसळला, आणि धाराशिवला स्वतःचें आकाशवाणी केंद्रहि मिळालें. बाहेरचें गाणें घरांत आणणें आज जितकें सोपें आहे तितकें कधींच नव्हतें. म्हणून यंत्र घेतांना दुकानदाराला पहिला प्रश्न, यांत किती गाणीं येतात, असा विचारूं नये. आमच्या घरची कॅसेट उतरून आणली तर ती यांत वाजेल का, असा विचारावा. याला ज्या यंत्राचें उत्तर होकारार्थी आहे, तें साधें असो वा स्वस्त असो, घराच्या उपयोगाचें आहे.